रोटी, बेटी आणि थाळ

बिलाकोरो. सेनेगलमधल्या बंबारा लोकांत बाईला याहून जहरी शिवी नाही. अर्थ एवढाच, की हिची 'परंपरा' झालेली नाही. लहानपणी हिचं गुप्तांग कापलेलं नाही. अशा मुलीच्या हातचं कोणी खायचं नाही, तिला कोणी सून करून न्यायचं नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: रोटी-बेटी व्यवहार बंद. माझं आजचं बोलणं या शब्दाभोवतीच फिरणार आहे.

युनिसेफच्या २०२४च्या आकडेवारीप्रमाणे जगात २३ कोटींहून जास्त मुली-बायका या कापण्यातून गेलेल्या आहेत. सगळ्यात जास्त आफ्रिकेत, पण आशियातही ८ कोटी. ज्या बाईनं हे स्वतः सोसलं, तीच पुढे लेकीला का घेऊन जाते? मला आधी वाटायचं, अडाणीपणा असेल. तसं नाही हो. ती पोरीच्या लग्नाचा विचार करत असते. गावात सगळ्यांनी चालू ठेवलंय आणि आपण एकटीनं सोडलं, तर पोर घरात राहील. तिच्या जागी बसून बघा, हिशेब बरोबरच आहे.

मॉली मेल्चिंग या अमेरिकन बाईंनी १९९१ मध्ये सेनेगलमध्ये 'तोस्तान' ही संस्था काढली. तोस्तान म्हणजे वोलोफ भाषेत अंडं फोडून पिल्लू बाहेर येणं. या संस्थेचे वर्ग 'ही प्रथा बंद करा' असं सांगायला निघालेलेच नव्हते. लिहायला-वाचायला शिकणं, हिशेब, स्वच्छता, बाईचं आरोग्य, तिचे हक्क. तेही गावाच्या भाषेत, गाणी आणि नाटुकल्यांतून. मालिकुंडा बंबारा गावातल्या बायका हे शिकता शिकता आपसात बोलायला लागल्या, आणि ३१ जुलै १९९७ला त्यांनी जाहीर केलं: आमच्या गावात हे बंद.

टाळ्या मिळाल्या, तशा शिव्याही मिळाल्या. आजूबाजूच्या गावांना हा विश्वासघात वाटला. आणि मग आले देंबा जावारा, शेजारच्या केर सिंबारा गावचे इमाम. माझ्या मते या गोष्टीचे खरे नायक हेच. त्यांनी मेल्चिंगबाईंना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: बाई, एका गावानं ठरवून काय होणार? आमच्या सोयरिकी आसपासच्या सगळ्या गावांत. ठरवायचं तर सगळ्यांनी मिळून. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. पाहुण्या-रावळ्यांची दहा गावं पायी हिंडले. कोणाला दोष दिला नाही, 'कापणं' हा शब्दसुद्धा टाळला. 'ती परंपरा' म्हणायचे. घरच्याच माणसानं मायेनं काढलेला विषय होता तो. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगूला तेरा गावांनी एकत्र घोषणा केली.

गंमत अशी, की जेरी मॅकी नावाच्या अभ्यासकानं १९९६ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं, चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेवरून. तिथे आईबाप मंडळं काढून शपथ घेत: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली सून आणणार नाही. शपथेचा दुसरा भाग महत्त्वाचा. लग्नाची वाट त्यानं मोकळी होते. देंबांनी हा लेख वाचलेला नव्हता, हे सांगायला नको.

सेनेगलनं कायदा केला तो जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे गावांच्या मागून. सगळं संपलं असं मात्र समजू नका. २०१९च्या पाहणीतही तिथल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे एक चतुर्थांश कापलेल्या होत्या. आणि शेजारच्या गांबियात २०१५ला झालेला कायदा रद्द करायचं विधेयक २०२४ मध्ये संसदेत आलं. जुलैत ते फेटाळलं गेलं, पण येऊ शकलं, हे बघा.

आता मुंबई. दाऊदी बोहरा समाजात मुलगी साधारण सात वर्षांची झाली की खतना करतात, म्हणजे हेच कापणं. अनेकींनी सांगितलंय, आजी खाऊचं निमित्त काढून भेंडीबाजारात घेऊन गेली. इथे देंबांची युक्ती तशीच्या तशी चालत नाही. हे बायकांतच राहतं, कित्येक बापांना पत्ताही नसतो. सोयरीक जुळवताना कोणी उघड विचारत नाही. ज्याचं नावच घ्यायचं नाही, ते चौकात उभं राहून कसं सोडणार? शिवाय वाळीत पडायची भीती. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनीच त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं १९६२ला तो रद्द ठरवला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर आला.

म्हणून २०१५ मध्ये पाच जणींनी सुरू केलेल्या 'सहियो' या संस्थेनं थाळ निवडला. सहियो म्हणजे बोहरी गुजरातीत मैत्रिणी. बोहरा कुटुंब एकाच मोठ्या थाळाभोवती बसून जेवतं. 'थाल पे चर्चा' म्हणजे तसंच जेवायला बसायचं आणि जेवता जेवता हा विषय काढायचा. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत ३८५ बायकांपैकी ८० टक्के जणींची खतना झालेली होती. ऑनलाइन पाहणी, त्यामुळे सगळ्या समाजाचं माप म्हणून तो आकडा मिरवू नये.

हा आमचा धर्म आहे आणि यात इजा नाही, असं म्हणणाऱ्या बोहरा बायकाही सर्वोच्च न्यायालयात आहेत. खतनावर बंदी मागणाऱ्या २०१७च्या याचिकेत त्या विरोध करायला स्वतःहून सामील झाल्या, आणि २०१८ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. जागतिक आरोग्य संघटना कोणताही प्रकार निरुपद्रवी मानत नाही, मीही मानत नाही. पण त्या बायकांना वगळून हा थाळ पुरा होईल असं मला वाटत नाही. शेवटी नात त्यांचीच असते, आणि तिचा हात धरून जिना चढणारी आजीही त्यांच्यातलीच.