एस्टोनियाची सायबर पलटण

श्रोतेहो, नमस्कार.

बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा देश आहे. लोकवस्ती जेमतेम 13 लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. 1991 मध्ये सोव्हिएत संघापासून स्वतंत्र झाल्यावर या देशानं बँका, सरकारी कचेऱ्या, कर भरणं, सगळं झपाट्यानं इंटरनेटवर नेलं. मार्च 2007 मध्ये तिथल्या मतदारांना संसदेच्या निवडणुकीतही इंटरनेटवरून मत देता आलं. जगात हे पहिल्यांदाच घडलं.

पुढच्याच महिन्यात राजधानी टॅलिनमध्ये ठिणगी पडली. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा शहराच्या मध्यभागातून लष्करी दफनभूमीत हलवायचं सरकारनं ठरवलं. रशियन भाषक समाज संतापला, रस्त्यावर दंगल उसळली आणि पाठोपाठ संकेतस्थळं कोलमडू लागली. संसद, मंत्रालयं, वर्तमानपत्रं, मोठ्या बँका, कुणीही सुटलं नाही.

हल्ल्याची रीत तशी साधी होती. रेशन दुकानासमोर काहीही घ्यायचं नसलेली हजारो माणसं रांग लावून उभी राहिली, तर खऱ्या गिऱ्हाइकाला दार दिसणारही नाही. इथे त्या रांगेत होते जगभरचे व्हायरस शिरलेले संगणक. त्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. सुमारे तीन आठवडे हे चाललं. काही बँकांनी आणि वर्तमानपत्रांनी परदेशातून येणारी इंटरनेटवरची वाहतूकच तोडली. संकेतस्थळ देशात चालू राहिलं, पण बाहेरच्यांना दिसेना. योगायोगानं मे महिन्यात युरोपातल्या इंटरनेट चालकांची बैठक टॅलिनमध्येच भरली होती. तिथल्या ओळखींचा फार उपयोग झाला.

हल्ला कुणी केला? एस्टोनियानं रशियाकडे बोट दाखवलं, रशियानं हात झटकले. सरकारी हुकमाचा पुरावा काही हाती लागला नाही. दंड झाला तो एस्टोनियातल्याच एका विद्यार्थ्याला. समोर सैन्य दिसत नाही, सीमा कुणी ओलांडलेली नाही, मग याला युद्ध म्हणायचं का? हा प्रश्न नाटोलाही, म्हणजे एस्टोनिया जिचा सदस्य आहे त्या लष्करी संघटनेलाही, अडला. सायबर हल्ला हा सामूहिक संरक्षणाच्या कलम 5 खाली, म्हणजे एका सदस्यावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानणाऱ्या कलमाखाली, येऊ शकतो, असं नाटोनं जाहीर केलं ते 2014 मध्ये.

एस्टोनिया मात्र थांबला नाही. 2008 मध्ये टॅलिनमध्ये नाटोचं सायबर संरक्षण केंद्र उभं राहिलं. आणि मग आली ती गोष्ट, जी मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. 1918 पासूनची परंपरा असलेल्या तिथल्या स्वयंसेवी संरक्षण दलात सायबर तुकडी निघाली. तिच्यात कोण आहेत? दिवसा नोकरी करणारे नेटवर्क अभियंते, प्रोग्रामर, आणि हो, वकीलसुद्धा! पगार नाही. आधी पार्श्वभूमीची कसून तपासणी होते, मग फावल्या वेळात सराव, आणि देशावर संकट आलं की सरकारच्या मदतीला धाव. या विषयातली निष्णात माणसं कोणत्याही सरकारला पगारावर टिकवणं कठीण. त्यांना आपापल्या नोकरीत राहू देऊनच देशाच्या कामाला जोडून घ्यायचं, हे शहाणपण एका चिमुकल्या देशाला सुचलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

1 ऑगस्ट 2018 रोजी एस्टोनियाच्या सैन्यात स्वतंत्र सायबर कमांड सुरू झाली. संरक्षण खात्याची संगणक जाळी सांभाळणं हे तिचं रोजचं काम. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी आलेल्या, संगणकात गती असलेल्या तरुणांनाही तिथे घेतात.

टॅलिनचं नाटो केंद्र 2010 पासून दरवर्षी एक मोठा सराव भरवतं. एका काल्पनिक देशाची वीज, बँका, लष्करी यंत्रणा हल्ल्याखाली असतात आणि वेगवेगळ्या देशांचे संघ त्या प्रत्यक्ष वेळेत वाचवतात. गुण केवळ सर्व्हर चालू ठेवण्याला मिळत नाहीत. आपण दिलेलं उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का आणि पत्रकारांना काय सांगितलं, हेही तिथे तपासलं जातं.

नमस्कार.