दुकानातले गाणे कोणाच्या कानांसाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

हे भाषण ऐकताना रेडिओचे बटण तुमच्या हाताशी आहे. विषय रुचला नाही, तर आवाज कमी करता येईल, दुसरे केंद्र लावता येईल. आज ज्या संगीताविषयी मी बोलणार आहे, ते ऐकणाऱ्याच्या हाती मात्र नेमके हेच बटण नसते. कापडाची मोठी दुकाने, मॉल, हॉटेले आणि अलीकडे काही कार्यालये, अशा ठिकाणी छतातल्या स्पीकरमधून दिवसभर जे वाजत राहते, ते हे पार्श्वसंगीत. गिऱ्हाईक ते वीस मिनिटे ऐकते आणि पिशवी घेऊन बाहेर पडते. काउंटरमागे उभी असलेली मुलगी ते नऊ-दहा तास ऐकते.

माझी भाची अशाच एका तयार कपड्यांच्या दुकानात काम करते. गेल्या दिवाळीच्या आधी मी तिथे गेले होते. कपडे घालून पाहण्याच्या खोल्यांपाशी तिची जागा आहे आणि स्पीकर बरोबर तिच्या डोक्यावर. मी वेळ विचारली, तर घड्याळाकडे न बघता ती म्हणाली, "मावशी, हे गाणं आज चौथ्यांदा लागलं, म्हणजे पावणेपाच झाले." दोन तासांची यादी सकाळी साडेदहाला सुरू होते आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजते. घरी परतल्यावर तिला टीव्हीचा आवाजही सहन होत नाही, आणि ही मुलगी शाळेत असताना हौसेने गाण्याच्या परीक्षा देत होती. ते ऐकून मी अस्वस्थ झाले आणि या विषयाच्या मुळाशी जावेसे वाटले.

कामाला गाण्याची सोबत असणे आपल्याला नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून ती परंपरा केवढी मोठी होती हे कळते. परंतु ओवी दळणारीच्याच गळ्यातून येत असे. जात्याचा वेग तिच्या हातात होता, त्यामुळे गाण्याचा वेगही तिचाच होता, आणि दमल्यावर दोन्ही एकदमच थांबत.

गाणे कामगाराच्या गळ्यातून निघून मालकाच्या तारेत गेले, ते विसाव्या शतकात. अमेरिकी लष्करातले एक अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी विजेच्या तारांवरून संगीत पोहोचवण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यावर उभ्या राहिलेल्या व्यवसायाला १९३४ साली 'म्युझॅक' हे नाव मिळाले. म्युझिकमधला आरंभ आणि कोडॅकमधला शेवट जोडून तयार केलेले हे नाव पुढे या साऱ्या प्रकारालाच चिकटले. कारखान्यांसाठी या कंपनीने पंधरा-पंधरा मिनिटांचे संच बांधले, ज्यांत प्रत्येक पुढची धून आधीच्यापेक्षा थोडी अधिक चैतन्याची असे, आणि संच संपला की काही काळ शांतता ठेवली जाई. सलग वाजणाऱ्या संगीताने कान थकतो, हे ते विकणाऱ्यांनाही ठाऊक होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

बीबीसीनेही हे ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धात, २३ जून १९४० रोजी, कारखान्यांतल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९६७ पर्यंत चालला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, एवढीच त्याची मूळ मर्यादा होती. यंत्रांच्या घरघरीतही ऐकू यावे म्हणून आवाजाची पातळी सारखी ठेवली जाई आणि धुनी ओळखीच्या निवडल्या जात. टाळ्यांचा ठेका असलेले एक लोकप्रिय गाणे तर मुद्दाम टाळले गेले, कारण ठेक्यावर कामगार हातातली अवजारे आपटू लागतील अशी धास्ती होती. त्या गाण्यांमागेही उत्पादन वाढवण्याचा हेतू होताच. तरीही कामगाराच्या हातांचा, कानांचा आणि थकव्याचा विचार कोणीतरी केलेला होता. आपल्या मुंबई केंद्राची 'कामगार सभा' ज्यांनी गिरणगावात ऐकली असेल, त्यांना ठरावीक वेळी लागणाऱ्या गाण्यांची गोडी मी वेगळी सांगायला नको.

दुकानांची गोष्ट निराळी झाली, कारण तिथे हिशेब गिऱ्हाइकाचा. रोनाल्ड मिलिमन या अभ्यासकाने १९८२ साली एका सुपरमार्केटमधले निष्कर्ष प्रसिद्ध केले. संथ लयीच्या संगीतात लोक सावकाश चालत, अधिक रेंगाळत, आणि जलद लयीच्या तुलनेत विक्री सुमारे ३८ टक्के अधिक होत असे. दुकानदाराला हा आकडा मोलाचा वाटणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण या हिशेबात माझ्या भाचीसाठी रकानाच नाही.

ऐकण्याची सक्ती चालेल का, हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वॉशिंग्टनच्या ट्राम आणि बसमध्ये रेडिओ वाजू लागला, तेव्हा काही प्रवाशांनी तक्रार केली. १९५२ साली न्यायालयाने रेडिओ चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, मात्र न्यायमूर्ती डग्लस यांनी भिन्नमत नोंदवले आणि आपल्या वाटेला कोणी जाऊ नये हा हक्क साऱ्या स्वातंत्र्याचा आरंभ आहे, असे लिहिले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तर सुनावणीत भागच घेतला नाही. आपण स्वतः या प्रकाराचे बळी आहोत आणि आपल्या भावना तीव्र आहेत, असे कारण त्यांनी दिले. त्या प्रवाशांना निदान आपल्या थांब्यावर उतरता येत होते.

आपल्याकडे दुकानात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कदारांचा परवाना घ्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. गाण्याच्या मालकाची काळजी कायद्याने घेतली, ऐकणाऱ्या नोकराची अजून घ्यायची आहे. केरळमधल्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी लढा दिला, तेव्हा २०१८ साली त्यांना कामावर बसण्याचा हक्क मिळाला, आणि २०२१ साली तमिळनाडूनेही तसा कायदा केला. पायांना विसावा लागतो हे मान्य झाले. कानांनाही तो लागतो, हे मान्य व्हायला तेवढीच वर्षे जाऊ नयेत. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने २०१६ साली तिथल्या दुकानांतले संगीत बंद केले, तेव्हा गिऱ्हाइकांबरोबर कर्मचाऱ्यांचेही म्हणणे विचारात घेतल्याचे सांगितले होते.

सरसकट बंदी मी मागत नाही. दर दोन तासांनी अर्धा तास शांतता असावी, यादी मोठी असावी आणि ती ठरवताना तिथे काम करणाऱ्यांना विचारावे, कोणाचीही जागा थेट स्पीकरखाली नसावी, एवढे तर खर्चाविना करता येईल.

दिवाळी संपल्यावर भाची आणि तिच्या मैत्रिणी मॅनेजरकडे गेल्या. यादी मुख्य कार्यालयातून येते, ती बदलणे माझ्या हाती नाही, असे त्यांनी सांगितले. पण आवाज आपल्या हाती आहे, हेही त्यांनी मान्य केले. आता दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक विरळ असते तेव्हा, तिथले संगीत बंद असते. त्या वेळात, भाची सांगते, हँगर सरकल्याचा आवाज येतो आणि शेजारच्या काउंटरवरची मुलगी काय म्हणते, ते एकदाच सांगून कळते.