बारदाना दोनदा वजा झाला तेव्हा

(एका व्याख्यानमालेतलं भाषण, बोलण्याचा बाज ठेवून संपादित केलेलं.)

मंडळी, आधी एका हिशोबपट्टीची गोष्ट सांगतो. आज मी जे बोलणार आहे त्याचा उगम त्या पट्टीत आहे.

सोयाबीन निघालं होतं, दिवाळी तोंडावर होती आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पाय ठेवायला जागा नव्हती. मराठवाड्यातल्या एका मोंढ्यातल्या काही आडत दुकानांना आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर पुरवत होतो. पूर्वी मुनीम काट्यावरचं वजन कागदावर लिहून आणायचा आणि कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा ते टाइप करायचा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नवं अपडेट टाकलं. आता इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर थेट कॉम्प्युटरला जोडलेली होती. वजन आपोआप येणार, लिहिण्यात चूक होणार नाही, गर्दीत वेळ वाचणार. आम्हाला आमच्या कामाचा अभिमान वाटत होता.

मंगळवारी दुपारी एक वयस्क शेतकरी दुकानात परत आले. त्यांनी खिशातून काट्यावरची चिठ्ठी काढली, शेजारी आमची छापील पट्टी ठेवली आणि विचारलं, "काट्यावर एक वजन, पट्टीत दुसरंच. पोत्याचं वजन किती डाव कापताव?"

त्यांचे ४० कट्टे होते. बारदान्यापोटी, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनापोटी, कट्ट्यामागे ६०० ग्रॅम धरायचे, म्हणजे २४ किलो. ते काट्यावरच वजा झाले होते. आमच्या प्रोग्रॅमने ते पुन्हा वजा केले. जवळजवळ पाव क्विंटल, एवढं त्या माणसाचं सोयाबीन कागदावरून नाहीसं झालं. शनिवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस बाजार भरला होता आणि तीनशेच्या वर पट्ट्या निघाल्या होत्या. लोक पैसे घेऊन गावोगाव निघूनही गेले होते.

त्या रात्री मी तो कोड उघडला. आमच्या धंद्यातल्या मुलामुलींना पुढचं वर्णन ओळखीचं वाटेल. हजारभर ओळींचं एकच फंक्शन. आत टेम्प-वन, टेम्प-टू, फ्लॅग-थ्री अशी नावं. मध्ये शे-दीडशे ओळी नुसत्या कमेंट करून ठेवलेल्या; त्या का बंद केल्या आणि पुन्हा लागतील का, याबद्दल एक अक्षर नाही. आणि वजनाच्या कॉलमचं नाव फक्त 'डब्ल्यूटी'. ते वजन बारदान्यासकट की बारदाना वजा करून, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मूळ माणूस काम सोडून केव्हाच गेला होता. रात्री दोन वाजता, बाहेर मोंढ्यात ट्रॅक्टर रांगेत उभे असताना, मी त्या न पाहिलेल्या माणसावर इतका संतापलो की आज आठवलं तरी अंगावर येतं.

प्रोग्रॅमरच्या या चिडीबद्दल बाहेरच्या लोकांचा एक समज असतो की हे लोक नीटनेटकेपणाचे फार लाड करतात, कोड सुंदर नसला की यांना त्रास होतो. तसं नाही हो. वाईट कोड वाचणाऱ्याला ओळ काय करते ते दिसतं, ती तिथे का आहे ते कळत नाही. मग हात लावायची भीती वाटते. हात लावला तर काय मोडेल माहीत नाही, नाही लावला तर चूक तशीच राहणार. अशा अवस्थेत माणसं वर्षानुवर्षं काम करतात. आपल्या भागातली कितीतरी मुलं पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला जाऊन हेच करतात, आणि घरी फोनवर "काम बरं चाललंय" एवढंच सांगतात.

त्या माणसाबद्दल पुढे मला थोडं कळलं. मूळ प्रोग्रॅम फॉक्सप्रोमधला होता, म्हणजे नोंदी आणि हिशोब ठेवायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमधला. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपल्या तालुक्या-तालुक्यांत दुकानांचे हिशोब, पगारपत्रकं, शाळांच्या फिया, सगळं फॉक्सप्रोवर चालायचं. त्याची माहिती डीबीएफ फाइलमध्ये साठते आणि अशा फाइलमधल्या कॉलमच्या नावाला जास्तीत जास्त १० अक्षरांची मुभा असते. इंग्रजीत 'बारदाना वजा केलेलं वजन' असं नाव द्यायला त्याच्याकडे जागाच नव्हती. आणि त्याच्या काळी वजन एकाच वाटेनं यायचं, मुनिमाच्या कागदावरून, बारदान्यासकट. ज्या गोष्टीचा दुसरा प्रकारच अस्तित्वात नाही, तिचा प्रकार कोण लिहून ठेवतो? त्याचा प्रोग्रॅम त्याच्या काळासाठी बरोबर होता. वायर आम्ही जोडली. वजनाचा अर्थ आम्ही बदलला आणि वजाबाकीची ओळ तशीच ठेवली.

आम्ही चाचणी केली नव्हती असंही नाही. दहा पट्ट्या करून पाहिल्या होत्या. दहाही पट्ट्यांची वजनं कीबोर्डवरून टाइप केली होती, काट्याची वायर ऑफिसात कुठून आणणार? जी एकच नवी गोष्ट होती, तीच चाचणीतून सुटली.

आता जगातलं एक उदाहरण घेऊ. १९ जुलै २०२४, शुक्रवारच होता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली. विमानतळ, बँका, दवाखाने अडले. आपल्याकडेही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. कंपनीनं नंतर कारणांचा सविस्तर अहवाल काढला. तो विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा, कारण दोष अगदी साधा आहे. एका बाजूनं २१ रकान्यांची अपेक्षा धरली होती, दुसऱ्या बाजूनं २०च रकाने भरून येत होते. एकविसावा वाचायला गेलेला प्रोग्रॅम मेमरीत नको तिथं पोचला आणि यंत्र कोसळलं. हे आधी का दिसलं नाही? चाचण्यांमध्ये त्या एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं चिन्ह ठेवलं होतं, म्हणून तो खऱ्या अर्थानं तपासलाच गेला नाही.

हे वाचताना मला माझ्या दहा पट्ट्या आठवल्या.

त्या अहवालातली आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. ते अपडेट थोड्या यंत्रांवर टाकून, थांबून, बघून मग पुढे गेलं नाही. एकदम सगळीकडे गेलं. सव्वा तासाच्या आसपास ते मागेही घेतलं, पण पडलेलं यंत्र स्वतःहून दुरुस्ती उतरवून घेऊ शकत नव्हतं. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, ती एक फाइल पुसावी लागली. आम्हीही तेच केलं होतं. एका दुकानात चार दिवस चालवून पाहिलं असतं, तर निदान बाकीच्या दुकानांतले लोक वाचले असते. पण हंगाम सुरू झाला होता, सगळ्यांनाच ते हवं होतं आणि आम्ही नाही म्हणालो नाही.

घाईबरोबर दुसरा एक दोष येतो, तो म्हणजे आजची गोष्ट कायमची धरून चालणं. याचा अनुभव आपल्या मराठवाड्याइतका कुणाला असेल? महाराष्ट्र झाला तेव्हा इथे पाच जिल्हे होते. १९८१ ला जालना झाला, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यानंतरच्या महिन्यांत मी कितीतरी ठिकाणचे प्रोग्रॅम पाहिले. ज्यांनी जिल्ह्याला एक क्रमांक दिला होता आणि नाव वेगळ्या तक्त्यात ठेवलं होतं, त्यांचं काम एका ओळीत झालं. ज्यांनी नावालाच ओळख मानलं होतं, त्यांच्या कोडमध्ये 'औरंगाबाद असेल तर' अशी ओळ पन्नास ठिकाणी पसरलेली. चाळीस ठिकाणी बदलली, दहा ठिकाणी राहिली. मग एकाच विद्यार्थ्याचा अर्ज जुन्या नावानं भरलेला आणि कागदपत्र नव्या नावाचं, आणि प्रोग्रॅम म्हणतो जुळत नाही. त्या पोरानं काय करायचं? तो खिडकीपाशी उभा राहतो आणि आतला माणूस सांगतो, 'सिस्टिम घेत नाही.' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण घेत नाही ते कुणीतरी तसं लिहिलंय म्हणून.

तुमच्यातले काही व्यापारी म्हणतील, मग अपडेटच नको. चाललंय ते चालू द्या. आमच्या त्या आडत दुकानांपैकी एकानं हेच केलं. पुढची दोन वर्षं त्यांनी आमचं एकही अपडेट घेतलं नाही, विंडोजचंही बंद करून टाकलं. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हतो. पण त्यांच्यासाठी मला झोप लागत नव्हती, हेही खरं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस दीडशेवर देशांत पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांतली कामं थांबली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते अडकले. वाईट अपडेटनं त्या दिवशी जे नुकसान होतं ते मोजता येतं, भरून देता येतं. पण भाजलेला माणूस पुढची चांगली अपडेटही नाकारतो, आणि तो उघड्या दारानं दुकान चालवतोय हे आपल्याला माहीत असूनही आपला शब्द त्याच्यापाशी चालत नाही.

या सगळ्यात मला आधार मिळाला तो इथूनच, पैठणहून. तुम्हाला वाटेल हा कुठे निघाला. पण ऐका.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं नकलून घेतली जात होती. नकलणाऱ्याची नजर चुकते, शब्द जुना झाला की तो आपल्या ओळखीचा शब्द घालतो, कुणी हौसेनं एखादी ओवी जोडतो. प्रतीप्रतीत फरक पडत गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ती शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी ओव्यांमध्ये त्यांनी काय काय नोंदवलंय ते प्रोग्रॅमरच्या डोळ्यांनी बघा. कधी केलं, तर शक आणि संवत्सर दिला. कुणी केलं, तर स्वतःचं नाव दिलं. का केलं, तर ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे, म्हणजे प्रतीप्रतीतल्या पाठभेदांमुळे, बिघाड झाला. आणि पुढच्यांना बजावलं की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, ठेवतो.

नाथ स्वतः केवढे कवी! भागवतावर त्यांनी हजारो ओव्या लिहिल्या. असा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथावर काम करताना आपली एक ओळही त्यात मिसळत नाही. आधी मूळ लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवतो, मग बिघाड कुठे शिरला ते शोधतो. मी त्या रात्री नेमकं उलटं केलं होतं. आधी मूळ माणसाला मूर्ख ठरवलं आणि बिघाड आमच्या वायरीत होता ते पहाटे कळलं.

तर त्या पट्ट्यांचं काय झालं ते सांगतो. बुधवारी सकाळी आम्ही जुनं व्हर्जन परत चढवलं, वायर काढली. मग वजनाचे दोन कॉलम केले, एक बारदान्यासकट, एक निव्वळ, पूर्ण नावं लिहून. त्या वजाबाकीच्या ओळीवर तारीख, माझं नाव, काय बदललं आणि का बदललं हे लिहिलं. चूक एका शेतकऱ्याच्या चिठ्ठीवरून सापडली, तेही लिहिलं. पुढच्या खेपेला काट्याची वायर जोडून, एकाच दुकानात, हंगाम संपल्यावर चालवून पाहिलं.

आणि आम्ही तिघंजण आठ दिवस मोंढ्यात बसलो. काट्याच्या चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या प्रती काढून एकेक पट्टी पुन्हा केली. फोन लावले, हमालांकडून गावं विचारली, एसटीच्या गाडीवाल्यांकडे निरोप दिले. फरकाचे पैसे आमच्या कंपनीनं भरले, दुकानदारांनी ते वाटले. ते वयस्क शेतकरी पैसे घ्यायला आले तेव्हा त्यांनी नवी पट्टी पुन्हा चिठ्ठीशेजारी ठेवून पाहिली, बोटानं एकेक आकडा जुळवला आणि मगच सही केली.

अकराजण सापडले नाहीत. कुणाचं नुसतं पहिलं नाव होतं, कुणाचा फोन लागला नाही. त्यांची रक्कम त्या दुकानाच्या वहीत 'देणे' म्हणून नावावर लिहिलेली आहे, आणि दर हंगामात सोयाबीन सुरू झालं की मुनीम ती यादी काढून काट्याजवळच्या भिंतीवर लावतो.