खळ्यावरचं हेलिकॉप्टर

(पहाट. यावल तालुक्यातलं शेत. मागे सातपुड्याची निळसर रेघ, उजव्या हाताला केळीची बाग.)

सकाळचे साडेसहा. केळीचं पान हलत नाही, म्हणजे वारा नाही. माझा भाचा खळ्यावर बादलीने पाणी शिंपडतोय. पाहुणे येणार नाहीत की धान्य यायचं नाही. हे पाणी इंजिनासाठी आहे. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. रेडिओने उडवायच्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांनी ती उडाली की थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते आणि पिस्टनला ओरखडे पाडते.

भाचा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला आहे. दिवाळीत त्याने विचारलं, "मामा, मला नायट्रोचं, म्हणजे तेलाच्या इंजिनाचं, हेलिकॉप्टर घ्यायचंय. कोणतं घेऊ?" मी म्हटलं, आधी माझं पाहा.

(घरातला माळा. आढ्याच्या हुकाला लटकलेलं जुनं हेलिकॉप्टर. पाती फिरवणारा दांडा, म्हणजे मेन शाफ्ट, वाकलेला.)

हे माझं पहिलं. लाल रंग आणि पुढचं चकचकीत कवच पाहून एका मोठ्या शहरातून जुनं विकत घेतलं. विकणाऱ्याने "सगळे पार्ट मिळतात" असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ते आडवं पडलं आणि मेन शाफ्ट वाकला. तो शाफ्ट मला कुठेच मिळाला नाही. वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतला, तर थरथर इतकी की शेपटी स्थिर ठेवणारा जायरोच गोंधळायचा. आठ महिने ते असंच लटकलं आणि माझी उमेदही त्याच्याबरोबर लटकली. भाच्याला हे सगळं सांगितलं, कारण पहिलं हेलिकॉप्टर पडणारच. पडल्यावर पुढच्या रविवारपर्यंत उभं राहील असंच मशीन घ्यावं. मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट (पाती धरणारा आडवा दांडा), टेल बूम (शेपटीची नळी), मेन गिअर आणि पात्यांची जोडी हे पाच पार्ट आज मागवले तर येतात का, ते पैसे देण्याआधी स्वतः पाहायचं. रंग मग बघू.

आता साइझ. इंजिनावरून ३०, ५० आणि ९० असे वर्ग बोलले जातात. ३० म्हणजे ०.३० घन इंच, साधारण ५ सीसी. ५० म्हणजे ८ सीसीच्या आसपास, ९० म्हणजे १५ सीसी. ९० चा विचार पहिल्यांदा करूच नये. पातं मोठं, खर्च मोठा, भीतीही मोठी. ३० स्वस्त पडतं, तेलही कमी पितं. तरी मी भाच्याला ५० घ्यायला लावलं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४ च्या वर जातो, हवा विरळ होते आणि लहान इंजिनाला धाप लागते. ५० अंगाने जड असल्याने झुळुकीतही जागा सोडत नाही. थंडर टायगर कंपनीच्या रॅप्टर मॉडेलमध्ये ३० आणि ५० चे बरेच पार्ट एकच होते, म्हणून आपल्याकडच्या जुन्या हौशी लोकांकडे अजून त्याच्या सुट्या भागांचे डबे सापडतात. असा डबा कुणाकडे असेल, तर हेलिकॉप्टरपेक्षा त्या माणसाची ओळख आधी करून घ्यावी.

इलेक्ट्रिक का नाही, असं बरेच जण विचारतात. सोपं असतं, स्वच्छ असतं, मान्य. पण शेतातली लाइट पाळीने येते, कधी तर रात्रीच. चार बॅटऱ्या चार्ज करायला गावात परत कोण जाणार? इथे तेलाचा डबा आणि स्टार्टरसाठी १२ व्होल्टची बॅटरी असली की भागतं. एक टाकी दहा-बारा मिनिटं चालते, दोन मिनिटांत पुन्हा भरते.

(जवळून: डब्यातून टाकीत जाणारं गुलाबी तेल.)

या तेलात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण असतं. वंगणात पुष्कळदा एरंडेल असतं, म्हणून जळताना ओळखीचा वास येतो. वास ओळखीचा असला तरी मिथेनॉल विष आहे. ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, फवारणीच्या औषधासारखं कुलपात ठेवा. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही, तेव्हा आग लागली तरी डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते.

सुईचं काम मात्र शिकायलाच लागतं. कार्ब्युरेटरची सुई आवळली की तेल कमी, सैल केली की जास्त. मे महिन्याच्या दुपारी नीट बसवलेली सुई डिसेंबरच्या पहाटे तशीच ठेवली, तर थंड, घट्ट हवेला तेल कमी पडतं आणि इंजिन कोरडं चालून तापतं. आपल्याकडे दोन ऋतूंत तीस-पस्तीस अंशांचा फरक, त्यामुळे ही चूक हमखास होते. उतरवून, रोटर पूर्ण थांबवून, इंजिनाच्या मागच्या झाकणाला बोट लावायचं. पाच आकडे मोजेपर्यंत बोट टिकलं तर ठीक. एकदोनमध्येच झटका बसून हात मागे आला, तर सुई थोडी सैल करा. हवेत मागे पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसत राहिली पाहिजे.

रेडिओवर चालणारी विमानं १९३० च्या दशकातच उडाली. हेलिकॉप्टर ताब्यात यायला १९७० चं साल जवळ यावं लागलं, जर्मनीत डीटर श्लूटर यांच्या हातून. इतकं ते अवघड. म्हणून हेलिकॉप्टरआधी भाच्याला कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर घ्यायला लावला. दोन महिने तो तिथेच पडत होता, फुकट.

(रस्त्यावर मोटरसायकल थांबते. दोन पोरं: "हाई काय शे रे भो?")

लांबूनच पाहा, भो. पातं मिनिटाला १,६०० फेरे घेतं, तेव्हा टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर असतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका सरावलेल्या १९ वर्षांच्या मुलाचा स्वतःच्याच हेलिकॉप्टरने जीव घेतला. तीस पावलांच्या आत कुणी नको, आणि उडवणाऱ्याच्या मागेच उभं राहायचं. कुसुंब्याचं विमानतळ, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या यांच्या आसपास तर नावच काढू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं हौशी मॉडेलही येतं, आणि ते नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटवरचा नकाशा आधी उघडा.

(इंजिन सुरू. खाली चार चेंडू लावलेल्या काठ्यांचा फुलीसारखा आधार. शेपटी भाच्याकडे.)

ओल्या खळ्यावर चेंडू सरकतात, चार रेषा उमटतात. मग रेषा थांबतात. हेलिकॉप्टर वीतभर वर आहे. भाच्याचे अंगठे रिमोटच्या कांड्यांवर, श्वास रोखलेला. मी हळूच म्हणतो, "श्वास घे रे." तो घेतो. यंत्र जरा डावीकडे झुकतं, तो सावरतो, आणि खाली ठेवतो. दाणकन नाही, ठेवतो.

नऊ वाजता केळीची पानं फडफडायला लागतात. आजचं संपलं. तो टाकीतलं उरलेलं तेल परत काढतो, कारण मिथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आतलं बेअरिंग गंजतं. कार्ब्युरेटरमध्ये वंगणाचे चार थेंब सोडतो आणि स्टार्टरने इंजिन दोन-तीनदा फिरवतो.