तोक्योतलं आमचं घर आणि आमचं धाकटं बाळ

नमस्कार मंडळी. मी गेली बरीच वर्षं तोक्योत राहते, एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला. स्टेशनच्या बाहेर पडलं की तमिळ, तेलुगू, हिंदी आणि मधूनच आपली मराठी कानावर पडते असा हा भाग. आज मी तुमच्याशी आमच्या घराबद्दल बोलणार आहे, नोकरीबद्दल, आणि आमच्या धाकट्या बाळाबद्दल, जे घरी यायच्या आधीच गेलं.

आधी घराचं सांगते. इथे मूल होइकुएनला, म्हणजे पाळणाघराला, जात असेल ना तर घरातला दिवस थर्मामीटरने सुरू होतो. सकाळी उठल्या उठल्या लेकीचा ताप बघायचा आणि वहीत लिहायचा. ती वही रोज घर ते पाळणाघर अशी ये-जा करते. आता पुष्कळ ठिकाणी ॲप आलंय पण आमच्याकडे वहीच होती. त्यात काल रात्री काय जेवली, किती वाजता झोपली, शी कधी झाली, सकाळी मूड कसा आहे सगळं लिहायचं, आणि संध्याकाळी बाईंनी त्यांच्या बाजूला लिहिलेलं वाचायचं. ताप ३७.५ च्या वर गेला की ऑफिसात फोन येतो, या आणि घेऊन जा, मग तुमची मीटिंग असो नाहीतर रिलीज असो. माझं आणि नवऱ्याचं दोघांचंही काम आयटीतलं, त्यामुळे कोणाचा दिवस जास्त अडचणीचा हे आम्ही आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचो. मागे सीट लावलेली बॅटरीची सायकल, पावसात तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, लेकीला सोडून सायकल स्टँडला लावायची आणि तोझाई लाइनच्या गर्दीत शिरायचं. सासर सांगलीला, माहेर पुण्यात, हाताशी कोणी नाही, पण चाललं होतं आमचं आणि छान चाललं होतं.

मग दुसऱ्यांदा दिवस गेले. वॉर्ड ऑफिसात नोंद केली की बोशी-तेचो मिळतं, आई-बाळाची वही. १९४८ पासून ही या देशात प्रत्येक गरोदर बाईला मिळतेय. पहिल्या पानांवर आईचं वजन, बीपी, तपासण्या, मग बाळंतपण, आणि पुढे बाळ सहा वर्षांचं होईपर्यंतची पानं, लसी, दात, उंची, पहिलं पाऊल कधी टाकलं तेसुद्धा. त्याच्याबरोबर एक गुलाबी टॅग मिळतो बॅगेला अडकवायला, पोटात बाळ आहे हे ट्रेनमधल्या लोकांना कळावं म्हणून. मी तो ऑफिसच्या बॅगेला लावला होता. सातव्यात डोहाळजेवण करायचं असं इथल्या मैत्रिणींनी ठरवलं होतं, हिरवी साडी पुण्याहून येणार होती.

सहाव्या महिन्यात तपासणीला गेले आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत नुसतेच थांबले. ठोके नव्हते.

त्यापुढचं ज्यांच्यावर आलंय त्यांना माहीतच आहे आणि ज्यांच्यावर आलेलं नाही त्यांना हे सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे कोणी सांगतच नाही. ते बाळ जन्माला घालावंच लागतं. कळा येतात, तास जातात, सगळं पहिल्या वेळेसारखंच होतं, फक्त शेवटी रडण्याचा आवाज येत नाही. मुलगा होता. नर्सने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं, घ्यायचंय का असं हळू विचारलं, आणि एका कार्डावर त्याच्या पावलांचे ठसे घेऊन दिले. माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडंसंच मोठं पाऊल. मग पान्हा फुटला. शरीराला कोण सांगणार, त्याला वाटतं बाळ आलंय. तो थांबवायच्या गोळ्या मिळतात, त्या घेतल्या.

जपानमध्ये बारा आठवड्यांनंतर बाळ असं गेलं तर सात दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात मृतजन्माची नोंद करावी लागते, ती केली की दहनाचा परवाना मिळतो. नवरा गेला फॉर्म भरायला. त्यात आईबापाचं नाव होतं, बाळ मुलगा की मुलगी होतं, किती वाजता, कुठे, हे सगळं होतं, पण बाळाचं नाव लिहायला रकाना नव्हता. तो खूप वेळ तो कागद घेऊन तिथेच बाकावर बसला होता असं त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. नाव आम्ही ठेवलंय, ते मात्र आज रेडिओवर सांगत नाही, ते घरातच राहू दे.

आणि मग सांगलीचा फोन. सासूबाई रडत होत्या आणि रडता रडता एकच म्हणत होत्या, अगं बाळाला अग्नी देत नाहीत गं, त्याला मातीत ठेवतात. बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडे इतक्या लहान जिवाला पुरतात, जाळत नाहीत. पण तोक्योत पुरणार कुठे, इथे जवळजवळ सगळ्यांचं दहनच होतं आणि पुरायला परवानगी असलेली जागा मिळणं कठीणच. नवऱ्याने त्यांना सगळं नीट समजावलं, त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, मग त्याच्या अंगावर काहीतरी आपलं घाल. माझ्या साखरपुड्याच्या साडीचा पदर होता माझ्याकडे, त्याचा तुकडा कापून घातला.

स्मशानातल्या माणसाने आम्हाला सकाळची पहिली वेळ घ्यायला सांगितली. का, तर भट्टी तेव्हा गार असते, आच हळूहळू चढते, म्हणजे इतक्या कोवळ्या बाळाच्यासुद्धा थोड्या अस्थी हाती लागतात. दिवसा उशिरा तापलेल्या भट्टीत काहीच उरत नाही. इतक्या बारकाईचा विचार आधी कोणीतरी करून ठेवलाय, कुठल्यातरी आईबापासाठी, हे मला त्या क्षणीही जाणवलं. मग इथल्या रीतीप्रमाणे दोघांनी मिळून चॉपस्टिक्सने अस्थी उचलून भांड्यात ठेवायच्या. जेवताना एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये काही देऊ नका असं जपानी आया मुलांना का दटावतात ते तेव्हा कळलं. मुठीत मावेल एवढं पांढरं भांडं. इथे एकोणपन्नास दिवस ते घरात ठेवतात, पुष्कळ लोक त्यानंतरही ठेवतात. आपल्याकडे अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधतात किंवा लगेच नदीवर नेतात. आम्ही ठेवल्या. कपाटावर, लेकीच्या पुस्तकांशेजारी. बरोबर की चूक ते मला ठरवायचं नाही, तेव्हा मला तो घरात हवा होता एवढंच.

लेकीचं पाळणाघर चालूच होतं. पहिल्या दिवशी त्या वहीत काय लिहावं कळेना. ताप लिहिला, जेवण लिहिलं आणि खाली लिहिलं की पोटातलं बाळ गेलं, घरी सगळे रडतायत, ती पण बघतेय. संध्याकाळी बाईंनी लिहिलेलं होतं, आज तिने मिसो सूप दोनदा मागून घेतलं, दुपारी माझं बोट धरून झोपली, न्यायला उशीर झाला तरी चालेल, आईने झोप घ्यावी. बस एवढंच, पण मी ते पान कितीदा वाचलं असेन. त्यानंतर त्या बाई रोज तिच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहायला लागल्या.

आता नोकरीचं. इथला कायदा असा आहे की गरोदरपणाला चौथा महिना लागला असेल, म्हणजे ८५ दिवस झाले असतील आणि बाळ असं गेलं, तरी ते बाळंतपणच धरतात. त्यामुळे बाळंतपणानंतरची आठ आठवड्यांची रजा मिळते, विम्यातून पगाराच्या साधारण दोनतृतीयांश पैसे मिळतात, आणि २०२३ च्या एप्रिलपासून ५ लाख येन झालेलं बाळंतपणाचं अनुदान, तेही मिळतं. शरीर बाळंत झालंय हे कायद्याने मान्य केलंय, मला हे फार मोठं वाटतं. पण बापाचं काय? २०२२ पासून इथे वडिलांना बाळ झाल्यावर चार आठवड्यांची वेगळी रजा मिळते, पण ती सांभाळायला बाळ असेल तर. आणि घरात कोणी गेलं तर मिळणारी सुतकाची रजा कायद्यात नाहीच, ती ज्याच्या त्याच्या कंपनीच्या नियमात. नवऱ्याच्या कंपनीच्या नियमात मूल म्हणजे जन्माची नोंद झालेलं मूल. त्याने स्वतःच्या सुट्ट्या घातल्या आणि त्या संपल्यावर स्मशानातला तोच काळा सूट घालून ऑफिसला गेला, कारण क्लायंट मीटिंग होती आणि त्याच्याकडे दुसरा धुतलेला नव्हता. माझ्या मते हे अन्यायाचं आहे. मी ते तिथल्या लोकांनाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

मी परत कामावर गेले तेव्हा कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, माझं काम आपसात वाटून घेतलेलं होतं, डेस्क पुसलेलं होतं, आणि बाळाबद्दल एक अक्षर नाही. सुरुवातीला मला ते फार लागलं. आपल्याकडे बायका गळ्यात पडल्या असत्या, काय झालं कसं झालं विचारून जीव नकोसा केला असता, पण बोलल्या असत्या ना. फोनवर नातेवाईक बोलत होतेच, वय आहे अजून, दुसरं होईल, पहिली आहे ना देवाच्या दयेने, विसरून जा. इकडे गप्प बसून जपत होते आणि तिकडे बोलून जपत होते, आणि मला दोन्हीकडे गुदमरायला होत होतं. मग एक दिवस माझ्या टीममधल्या एक बाई, रिटायरमेंटला आलेल्या, जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, झोजोजीला जाऊन ये, शनिवार-रविवारी नको, तेव्हा टुरिस्ट असतात.

झोजोजी म्हणजे तोक्यो टॉवरच्या पायथ्याशी असलेलं, पूर्वी जपानवर राज्य केलेल्या तोकुगावा घराण्याचं जुनं देऊळ, १३९३ सालचं, शिबा भागात ते १५९८ ला आलं. त्याच्या एका बाजूला रांगेने शेकडो छोटे दगडी जिझो उभे आहेत, डोक्याला लाल विणलेल्या टोप्या, गळ्यात लाळेरं, हातापाशी कागदी भिरभिरी. मुलं नीट वाढावीत म्हणून आणि न जन्मलेल्या, जन्मताच गेलेल्या बाळांसाठी लोकांनी ते ठेवलेत. हा जिझो आपल्याकडचाच, संस्कृतात क्षितिगर्भ बोधिसत्त्व, भारतातून चीनमार्गे इथे आला आणि इथे लहान मुलांचा रक्षक झाला. गोष्ट अशी सांगतात की गेलेली बाळं एका नदीकाठी आईबापासाठी दगडांचे ढीग रचत बसतात, राक्षस येऊन ते मोडतात, आणि जिझो त्या बाळांना आपल्या लांब बाह्यांत लपवतो. मला त्यातला बाह्यांचा भाग पटतो, बाळांना दगड रचायला लावणारा मुळीच पटत नाही, त्यांनी काय केलंय? आणि हेही सांगते, १९७० च्या दशकापासून अशा न जन्मलेल्या बाळांचं श्राद्ध करण्याचा प्रसार फार झाला तेव्हा काही ठिकाणी बाळाचा कोप होईल अशी भीती घालून आयांकडून पैसे उकळले गेले, त्यावर जपानमध्येच खूप टीका झालीय. तसं कोणी घाबरवत असेल तर उठून यावं. आम्हाला तिथे कोणी काही विचारलं नाही. आम्ही भिरभिरं लावलं, लेकीने खाली तिचं बिस्कीट ठेवलं, आणि शेजारी एक म्हातारे आजोबा एका जिझोची टोपी बदलत होते, जुनी ऊन-पावसाने गुलाबी पडलेली. जपानमध्ये वर्षाला मृतजन्माच्या १५ हजारांच्या आसपास नोंदी होतात, त्यांत करवून घेतलेले गर्भपातही धरलेले असतात. आपण एकटे नाही हे आकड्याने कळत नाही, त्या आजोबांकडे बघून कळलं.

आता घरात आम्ही त्याचं नाव घेतो. लेक पहिलीत गेलीय, शाळेत घरात कोण कोण आहे लिहायला सांगितलं तर तिने भाऊ लिहिला. बाईंनी मला फोन करून विचारलं की तसाच ठेवू ना, मी म्हटलं ठेवा. सासूबाई सर्वपित्रीला त्याच्या नावाने वाटीभर दूध काढतात, भटजी म्हणाले एवढ्या लहानाचं करत नाहीत, तर म्हणाल्या तुमचं तुम्ही करा, नातवाचं मी करते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात, चाळीत, ऑफिसात अशी बाई असेल तर तिला दुसरं होईल म्हणू नका. बाळ कोणासारखं दिसत होतं ते विचारा, ती सांगेल. आणि नवऱ्यालाही विचारा, त्याला कोणीच विचारत नाही. आणखी एक, हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं म्हणून सांगते. भारतात १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता, २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तिच्यातले मातृत्वाचे नियम ज्या नोकऱ्यांना लागू होतात तिथे गर्भपात झाला तर त्या दिवसानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती मेहेरबानी नाही, हक्काची आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या, एचआरला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागून घ्या. नमस्कार.