२.८ नेमकं कोणासाठी?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘डीएसएलआरसाठी वेगवान स्टँडर्ड झूम कशी निवडावी’. तो मी मांडणार आहे, पण शेवटी. त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे. घरी ते ऐकायला आता कोणी तयार नाही आणि तुम्ही आपणहून येऊन बसलेले आहात.

दुखणं असं, की वेगवान, म्हणजे एफ २.८ची झूम घ्यायची म्हटली की जो तो दोनच कारणं सांगतो. एक, कमी उजेडात फोटो येतात. दोन, मागचं छान धूसर होतं. दोन्ही खरी आहेत, मी नाकारत नाही. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, म्हणून ५.६पेक्षा २.८ म्हणजे दोन स्टॉप, दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट उजेड. पण मग लगेच कोणीतरी म्हणतो, ‘हल्लीच्या कॅमेऱ्यांत आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवला की झालं, कशाला ते ओझं वागवायचं?’ आणि समोरच्याकडे उत्तर नसतं, कारण त्याची दोन्ही कारणं फोटोची असतात.

माझं म्हणणं असं आहे, की २.८ ही फोटोच्या आधी कॅमेऱ्याच्या कामाला येते. तुम्ही फोटो एफ ८ला काढा, नाहीतर ११ला काढा. शटर दाबेपर्यंत डीएसएलआरवरची, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरची, लेन्स सताड उघडीच असते. आरशावरून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो तो उजेड उघड्या लेन्समधला. आरशाच्या मधल्या अर्धपारदर्शक भागातून खाली फोकसच्या सेन्सरकडे जातो तोही उघड्या लेन्समधलाच. तुम्ही बटण दाबलंत की आरसा वर, लेन्समधली पाती मिटून आठवर, फोटो, पाती पुन्हा उघडी, आरसा खाली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं आटोपतं. म्हणजे फोटो निघतो आठला आणि कॅमेरा बघत असतो २.८ला. पटत नसेल तर लेन्सच्या शेजारी ते डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण असतं ना, कॅमेरा घेतल्यापासून ज्याला कोणी हात लावलेला नसतो, ते दाबून बघा. व्ह्यूफाइंडर अंधारतो. हा खरा ८, एरवी दिसत होता तो २.८.

मला हे कळलं ते एका फजितीमुळे. आमच्या मित्रांनी एक नाटक बसवायला घेतलं होतं. त्यातलं एकही काम मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मला फोटोवर बसवलं. माझ्याकडे तेव्हा कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स, १८-५५ मिलिमीटरची, एफ ३.५ ते ५.६. म्हणजे १८वर ३.५ आणि जरा कोणाच्या चेहऱ्याजवळ जावं म्हणून ५५वर गेलो की ५.६. आकड्यात बोलायचं तर ५५वर त्या लेन्सचं छिद्र साधारण १० मिलिमीटरचं. तेवढ्या फटीतून कॅमेऱ्याने स्टेजवर नायक शोधायचा.

दोन दिवे, काळ्या कपड्यातला नायक, मागे घड्याघड्यांचा पडदा. मी कॅमेरा मॅन्युअलवर टाकला. ५.६, १/१२५ सेकंद, आयएसओ ३२००. एवढं एक गणित मी घरून पाठ करून गेलो होतो. आणि लेन्स सुरू झाली. घर्र पुढे, घर्र मागे, पुन्हा पुढे. नायिका हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं सांगतेय आणि इकडून माझी घरघर. दिग्दर्शक ओरडला, “अरे, ते दळण थांबवा कोणीतरी!” तोपर्यंत त्या प्रसंगाला कोणी हसलं नव्हतं. तेव्हा हसले.

घरी येऊन बघितलं. शंभराच्या आसपास फोटो होते. पडद्याच्या घड्या अप्रतिम आल्या होत्या. एकेक घडी मोजून घ्यावी. नायक मात्र बहुतेक ठिकाणी आठवणीतल्या माणसासारखा. (हशा) हसू नका, तुमच्यातही असे फोटो घरी असलेले लोक आहेत.

आमच्या ओळखीत एक काका होते. फिल्मच्या काळापासून फोटो काढणारे, बोलायला फटकळ. त्यांच्याकडे १७-५५ एफ २.८ होती. मी गेलो, म्हटलं, “काका, एका संध्याकाळपुरती ती लेन्स द्याल का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेन्सकडे बघितलं, आणि म्हणाले, “नेतोस तर ने. पण टोपण हरवू नकोस.” पडली तर काय, ओरखडा गेला तर काय, काही नाही. फक्त टोपण.

दुसऱ्या दिवशी ती लेन्स लावली तर कॅमेरा पुढे झुकायला लागला. डोळा लावला तर वाटलं, कोणीतरी दिवा वाढवला. तो नायक, त्याच्या कपाळावरची आठी, सगळं दिसत होतं. फोकस म्हणाल तर एक ‘टिक’ आणि जागच्या जागी. दिग्दर्शकाने मध्येच वळून बघितलं, मी आहे की घरी गेलो म्हणून. रात्री फोटो बघितले. दहा-बारा सोडले तर सगळे जिथल्या तिथे.

मी उड्या मारत काकांकडे. “काका, २.८ म्हणजे जादू आहे!” काकांनी कॅमेरा हातात घेतला, फोटोची माहिती उघडली, एक बघितला, दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अरे गाढवा, हे सगळे ५.६ला काढलेस तू.”

खरंच होतं. मॅन्युअलवरचं ते पाठ केलेलं गणित मी भीतीपोटी बदललंच नव्हतं. ५.६, १/१२५, ३२००. उजेड तोच, छिद्र तेच, आयएसओ तोच. २.८चा एक थेंबही माझ्या फोटोंत पडला नव्हता. तरी फोटो सुधारले. का?

काकांनी मला अंगठा वापरून समजावलं, तसंच मी सांगतो. हात लांब करून अंगठा धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकतो. किती सरकला यावरून अंतर कळतं. डोळे एकमेकांपासून जितके लांब, तितकं सरकणं जास्त आणि अंदाज पक्का. डीएसएलआरचा फेज डिटेक्शन फोकस असाच चालतो. लेन्सच्या एका बाजूने आलेली किरणं आणि दुसऱ्या बाजूने आलेली किरणं, त्यांच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून किती सरकल्या ते तो मोजतो. लेन्स ५.६ची असेल तर हे दोन ‘डोळे’ जवळजवळ. २.८ची असेल तर दुप्पट लांब ठेवता येतात.

ठेवता येतात म्हणालो, ठेवलेलेच असतात असं नाही. इथे बारकावा आहे आणि तो विक्रेता सांगत नाही. बहुतेक फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा जिथे फोकस मोजतो त्या जागा, ५.६च्या अंतरावर बांधलेले असतात. त्यांना तुम्ही २.८ची लेन्स द्या नाहीतर १.४ची, ते त्याच दोन अरुंद खिडक्यांतून बघणार. लांब डोळ्यांचे खास पॉइंट काहीच बॉडींवर, म्हणजे कॅमेऱ्यांवर, असतात, आणि ते बहुधा मधोमध. २०१२ला आलेल्या कॅननच्या फाइव्ह डी मार्क थ्रीवर ६१ पॉइंट आहेत. त्यातले मधल्या उभ्या रांगेतले पाच एफ २.८च्या लेन्सवर दुहेरी क्रॉस होतात, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांबरोबर तिरप्याही पकडतात. ६१पैकी पाच. तेव्हा आधी आपल्या बॉडीची माहितीपुस्तिका उघडा. ती डब्यात प्लॅस्टिकमध्ये जशीच्या तशी असेल.

मागून एक प्रश्न येतोय... बरोबर. हे म्हणतायत, काकांच्या लेन्सची मोटर चांगली असेल म्हणून फोकस लागला, त्यात २.८चा काय संबंध? मान्य. निम्मं श्रेय मोटरचं असेल, मी काही प्रयोगशाळेत नव्हतो. किट लेन्स ५५वर नेमकी ५.६च्या उंबरठ्यावर असते आणि कडेच्या पॉइंटपर्यंत उजेड आणखी कमी पोचतो, हेही त्यात आलं. पण मोटरने व्ह्यूफाइंडर उजळत नाही. आणि चुकलेला फोकस डोळ्यांनी पकडायचा तर व्ह्यूफाइंडर लागतो. आणखी एक गंमत सांगतो. ऑटोफोकसच्या काळातला फोकसिंग स्क्रीन, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा पडायची काच, साधारण २.८पर्यंतचाच धूसरपणा दाखवतो. १.४ची लेन्स लावा, फोटो १.४चा येईल, पण व्ह्यूफाइंडरमध्ये धूसरपणा साधारण २.८चाच दिसेल. म्हणजे डोळ्याला जेवढं दाखवता येतं तेवढं २.८ची झूम पुरेपूर दाखवते. हा योगायोग मला फार आवडतो.

आणि आवडतो म्हणून आणखी एक. आपण समजतो की साधी झूम आधी आली आणि वेगवान झूम ही पुढची चैन. उलट आहे! ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी विक्रीला आलेली पहिली झूम म्हणजे १९५९ची फोइग्टलेंडर झूमार. फ्रँक बॅक या मूळच्या व्हिएन्नाच्या माणसाची रचना. ३६ ते ८२ मिलिमीटर, आणि अ‍ॅपर्चर किती? २.८, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे वेगवान स्टँडर्ड झूम ही घरातली थोरली आहे. तुमची किट लेन्स हे शेंडेफळ.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘सात मिनिटं. निवडीचं बोला.’ बरं.

पहिलं, सेन्सर. क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, असेल तर १७-५० किंवा १७-५५, फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर, असेल तर २४-७०. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे’ म्हणून क्रॉप बॉडीवर २४-७० घेऊ नका. लहान सेन्सर कडा कापतो, म्हणून १.५ने गुणा, २४चे ३६ होतात आणि तुम्ही प्रत्येक खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहता. शंका असेल तर गेल्या वर्षाचे फोटो संगणकावर फोकल लेंथप्रमाणे, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरप्रमाणे, लावून बघा. बरेचसे १८वर अडकलेले निघाले तर तुमचं उत्तर मिळालं. ही मोजणी दहा मिनिटांत होते आणि दहा परीक्षणांपेक्षा उपयोगी पडते.

दुसरं, स्टॅबिलायझर. कॅननच्या १७-५५मध्ये आहे, निकॉनच्या १७-५५मध्ये नाही, टॅमरॉनची १७-५० दोन्ही प्रकारांत निघाली, सिग्माच्या १७-५०मध्ये आहे. फुल फ्रेमवर टॅमरॉनने २०१२ला स्टॅबिलायझरची २४-७० काढली, निकॉनने २०१५ला. तुमचा हात थरथरतो त्याला हे औषध आहे, समोरचं पोर पळतंय त्याला नाही. माणसं टिपणार असाल तर याच्यासाठी अडून बसू नका. इमारतींची आतली दालनं टिपणार असाल तर जरूर अडून बसा.

तिसरं, एफ ४. २४-१०५ एफ ४ ही मोहात पाडणारी लेन्स आहे, पल्ला लांब. एक स्टॉप कमी, तो आयएसओने भरून निघतो. पण फोकसचे ते २.८वाले पॉइंट एफ ४ला जागे होत नाहीत. तुमच्या बॉडीवर ते पॉइंट नसतीलच तर माझा निम्मा आक्षेप गेला, खुशाल घ्या. सिग्माची १८-३५ एफ १.८, २०१३ची, काच म्हणून विलक्षण आहे. पण ३५ला संपते, जेमतेम दुप्पट झूम. तिला दोन-तीन प्राइमची, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सची, जागा घेणारी लेन्स समजा, स्टँडर्ड झूम समजू नका.

चौथं, दुसऱ्या कंपनीची लेन्स. निकॉनच्या प्राथमिक बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी, बिनमोटरची लेन्स लावली तर फोकस हातानेच करायचा. झूमची रिंग कुठल्या बाजूला फिरते तेही बघा. कॅनन आणि सिग्मा एका बाजूला, निकॉन आणि टॅमरॉन उलट बाजूला. किरकोळ वाटतं, पण ऐन क्षणी जवळ जायचं आणि तुम्ही लांब जाता. वजनाचं मी बोलत नाही. २४-७० म्हटली की ८०० ग्रॅमपासून किलोच्या पुढे. गळ्यात अर्धा दिवस अडकवून बघा, मग पैसे द्या.

शेवटचं, हातात आलेली लेन्स तपासायची कशी. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला अगदी समांतर, २.८वर, झूमच्या दोन्ही टोकांना फोटो. कडा थोड्या मऊ असणारच, त्याने घाबरू नका. चारपैकी एकच कोपरा जास्त धूसर असेल तर आतली काच तिरकी आहे, लेन्स परत करा. मग तेच व्ह्यूफाइंडरने फोकस करून आणि तेच लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचा नाही, तर लेन्स वाईट नाही, लेन्स आणि बॉडीचं जुळत नाहीये. बऱ्याच बॉडींच्या मेनूत ते जुळवायची सोय असते, आणि सिग्मा-टॅमरॉनच्या काही नव्या लेन्ससाठी वेगळी जोडणीही मिळते.

आणखी दोन मुद्दे होते, पण अध्यक्ष उभे राहिले आहेत. टेबलावर ठेवलेली ती काकांचीच लेन्स, आता माझ्याकडे आहे. हातात घ्या, आपल्या बॉडीवर लावून बघा, व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावून बघा. फक्त टोपण ७७ मिलिमीटरचं आहे आणि या खोलीत ७७च्या लेन्स कोणाकोणाकडे आहेत ते मी मघाशीच बघून ठेवलंय.