सातचा भोंगा

नमस्कार श्रोतेहो.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. संध्याकाळी सातला तिथल्या देवळावरचा भोंगा होतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. पोरं दप्तरं उघडतात, मोठी माणसं वाचत नाहीतर बोलत बसतात. साडेआठला दुसरा भोंगा, की सुटका! २०२२च्या १५ ऑगस्टपासून गावानं हे सुरू केलं. कोरोनात शाळा मोबाइलवर भरत होती. ती पुन्हा वर्गात गेली, पण मोबाइल काही पोरांच्या हातून सुटेना. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर समजवायला गेले. मला यातली गंमत अशी वाटते, की नियम पोरांसाठी काढला आणि फोन बापालाही खाली ठेवावा लागला.

मोबाइलचा धोका म्हटलं की लोक आधी किरणांचं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली या लहरींना ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात घातलं, हे खरं. पण शक्यता म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात बसलाय. तेव्हा किरणांना भिणाऱ्यांनी जरा रस्त्याकडे बघावं.

ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नाही, आपली स्कूटर सहज तेवढी पळते. त्या वेगात मेसेज कुणाचा हे बघायला नुसते दोन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. क्रिकेटच्या खेळपट्टीहून जास्त! तेवढं अंतर आपण डोळे झाकून गाडी हाकली. कान आणि खांद्यामध्ये फोन दाबून जाणाऱ्यांची तर मानच वाकडी, त्यांना एका बाजूचा आरसा दिसणार कसा? कायद्यानं हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. रस्ता शोधण्यापुरती सवलत आहे, तीही लक्ष हटणार नसेल तर.

डोळ्यांचं थोडक्यात सांगतो. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघावं. खिडकीबाहेरचं झाड चालेल, शेजाऱ्याचा टीव्ही नको.

आणि रात्री उशीखाली फोन चार्जिंगला लावू नका. बॅटरी तापते आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. उशाशी फोन असला की झोपही उशिरा लागते, ते वेगळंच.

आमच्याकडे आता साडेनऊनंतर सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर जातात. पहिले आठ दिवस ‘गजरासाठी फोन लागतो’ ही सबब मीच सांगत होतो. शेवटी बायकोनं माळ्यावरचं चावीचं घड्याळ काढून दिलं. ते रोज चार मिनिटं मागे पडतं, पण वाजतं मात्र असं, की शेजारीही उठतात.

नमस्कार.